एकेरी मार्गाची शिस्त आणि संगणकावरची आगगाडी

कोकण रेल्वेने प्रवास करणाऱ्याला एक अनुभव सहसा चुकत नाही. गाडी उक्षी किंवा भोके यांसारख्या लहानशा स्थानकात शिरते, मुख्य मार्ग सोडून बाजूच्या लूप लाइनवर जाऊन उभी राहते आणि मग काही केल्या हलत नाही. कोणी उतरत नाही, कोणी चढत नाही. बऱ्याच वेळाने समोरून दुसरी गाडी धडधडत निघून जाते, सिग्नलचा रंग बदलतो आणि थांबलेली गाडी पुन्हा चालू लागते. डब्यातल्या मंडळींना या साऱ्याचे स्पष्टीकरण म्हणून ‘क्रॉसिंग’ हा एकच शब्द पुरतो. त्या शब्दामागे मात्र दीडशे वर्षांत अपघातांतून शिकत शिकत घडलेली एक कार्यपद्धती उभी असते आणि ती प्रवाशाला कधीच दिसत नाही.

संगणकावरच्या रेल्वेच्या खेळांमुळे ती आता थोडीफार दिसू लागली आहे. आपापल्या घरी बसलेले अनेक खेळाडू इंटरनेटद्वारे एकाच नकाशावर एकत्र येतात. कोणी इंजिनचालक होतो, कोणी स्टेशनमास्तर. अशा खेळात प्रश्न असा उभा राहतो, की रेल्वेच्या खऱ्या कार्यपद्धतीतले किती घ्यायचे आणि किती सोडायचे? सगळेच घेतले तर नियमांची जाडजूड पुस्तके पाठ केल्याशिवाय कोणाला खेळताच येणार नाही. सगळेच सोडले तर उरेल ती रुळांवरची मोटारींची शर्यत. या दोहोंमधली वाट कशी काढावी, याचा विचार करण्यासाठी रत्नागिरीच्या आसपासचा एकेरी मार्ग हे फार चांगले उदाहरण आहे.

एकट्याचा खेळ ते अनेकांचा खेळ

मायक्रोसॉफ्टचा ‘ट्रेन सिम्युलेटर’ २००१ मध्ये बाजारात आला, तेव्हा त्यात खेळाडू एकटाच असे. इतर गाड्या संगणक चालवी आणि सिग्नलही संगणकच देई. लाल सिग्नल ओलांडला की खेळ संपे. सिग्नल ओलांडण्याची परवानगी हवी असेल तर एक कळ दाबायची. होकार वा नकार यंत्राकडून येई. त्या खेळाचे मार्ग आणि गाड्या वापरू शकणारी ‘ओपन रेल्स’ ही मोफत आज्ञावली पुढे स्वयंसेवकांनी तयार केली आणि तिच्यात अनेकांनी एकत्र खेळण्याची सोय आली. ब्रिटनमधील ‘सिमसिग’मध्ये तर इंजिन नाहीच, तिथे सिग्नल केबिनचा पडदा तेवढा समोर असतो. पोलंडमधील ‘ट्रेन ड्रायव्हर २’ आणि २०२३ मध्ये प्राथमिक स्वरूपात खुला झालेला ‘सिमरेल’ या खेळांत चालक आणि स्थानकावरचा नियंत्रक या दोन्ही भूमिका माणसे करतात.

सुलभीकरणाचा सर्वांत धीट प्रयोग मात्र वेगळ्याच खेळात झाला. क्रिस सॉयर यांच्या १९९४ मधील ‘ट्रान्सपोर्ट टायकून’वरून २००४ मध्ये ‘ओपन टीटीडी’ हा मुक्त खेळ निघाला. त्यात सिग्नलचा नियम एका वाक्यात मावतो: दोन सिग्नलमधल्या तुकड्यात एका वेळी एकच गाडी. एवढ्या एका नियमावर शेकडो गाड्यांची जाळी चालतात. पण त्या खेळात गाडीत माणूस नाही आणि स्थानकातही माणूस नाही. माणसे आली की एवढ्याने भागत नाही, कारण माणूस विसरतो, घाई करतो आणि गृहीत धरतो.

लाइन क्लिअर म्हणजे काय?

रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरचा कोकण रेल्वेचा मार्ग १९९८ मध्ये राष्ट्राला अर्पण झाला. त्यातील रोहा ते वीर हा टप्पा २०२१ मध्ये दुहेरी झाला. रत्नागिरीच्या दोन्ही बाजूंना मात्र मार्ग एकेरीच आहे. संगमेश्वर, उक्षी, भोके, रत्नागिरी, निवसर, आडवली अशी स्थानके ओळीने येतात आणि दोन स्थानकांमध्ये एकच रूळजोडी. उक्षी आणि भोके यांच्यामध्ये साडेसहा किलोमीटर लांबीचा करबुडे बोगदा आहे, तर रत्नागिरी आणि निवसर यांच्यामध्ये पानवल नदीवरचा उंच पूल. बोगद्यात समोरासमोर आलेल्या दोन गाड्यांना मागे वळण्याखेरीज गत्यंतर नाही, आणि तेही वेळेत थांबता आले तर.

म्हणून दोन स्थानकांमधला हा पट्टा, ज्याला रेल्वेच्या भाषेत ‘ब्लॉक सेक्शन’ म्हणतात, तो कोणाही एकाच्या मालकीचा नसतो. उक्षीच्या स्टेशनमास्तराला भोक्याकडे गाडी सोडायची असेल, तर तो आपल्या अखत्यारीत ती सोडू शकत नाही. त्याने भोक्याच्या स्टेशनमास्तराला विचारले पाहिजे. भोक्याचा मास्तर आधीची गाडी पूर्ण आत आली आहे का, समोरून कोणतीही गाडी या पट्ट्यात नाही ना, आणि आपल्या होम सिग्नलच्या पुढेही ठरावीक अंतर मोकळे आहे ना, हे पाहतो. रंगीत दिव्यांच्या आधुनिक पद्धतीत हे जादा अंतर १८० मीटर असते. जुन्या हाताच्या सिग्नलांच्या पद्धतीत ते ४०० मीटर होते. चालकाचा अंदाज चुकून गाडी थोडी पुढे सरकली तरी धडक होऊ नये, यासाठी ही जागा राखलेली. हे सारे जुळले तरच तो ‘लाइन क्लिअर’ देतो, आणि ती मिळाल्यावरच उक्षीचा शेवटचा सिग्नल उतरू शकतो.

मुंबईच्या लोकलची सवय असलेल्यांना ही पद्धत संथ वाटेल. तिथे स्वयंचलित सिग्नल आहेत. मुंबईत बोरीबंदर ते भायखळा या दरम्यान ते १९२८ मध्येच आले. दोन स्थानकांमध्ये एकामागून एक अनेक गाड्या असू शकतात आणि दर वेळी कोणी कोणाला विचारत बसत नाही. पण त्या मार्गांवर गाड्या एकाच दिशेने धावतात. एकेरी मार्गावर गाडी समोरूनही येते, हा फरक मूलभूत आहे. रेल्वेचे बरेच खेळ लोकलची पद्धत एकेरी मार्गाला लावून टाकतात आणि तिथेच त्यांतली गंमत आणि शिकण्यासारखे असे दोन्ही संपते.

विचारणे आणि उत्तर देणे, हा या कार्यपद्धतीचा गाभा आहे. खेळात तो राहिलाच पाहिजे. त्याभोवतीची घंटांची सांकेतिक भाषा, प्रत्येक संदेशाची वेळ टिपणारे रजिस्टर, छापील अधिकारपत्रांचे नाना नमुने हे सोडून देता येते. संगणक वेळ आपोआप नोंदवतो. खेळाडूने ती पुन्हा लिहिण्यात अर्थ नाही. घंटेच्या ठोक्यांऐवजी ‘गाडी घेता का?’, ‘घेतली’, ‘गाडी सुटली’, ‘गाडी पूर्ण पोहोचली’ अशी चार बटणे पुरतात.

एका तारेने घेतलेले पंचवीस बळी

या चार बटणांपैकी दुसरे फार जपून दाबायचे असते. इंग्लंडमध्ये नॉर्विचजवळच्या थॉर्प येथे १० सप्टेंबर १८७४ रोजी रात्री एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर धडकल्या आणि २५ जण मृत्युमुखी पडले. समोरची मेल सोडायला सांगणारी तार अधिकाऱ्याची सही नसतानाच तारमास्तराने पाठवून दिली होती. इकडे दुसरी गाडी सुटून गेली. चूक लक्षात आल्यावर तार रद्द करण्याची धडपड झाली, पण मेल तोवर निघालेली होती. इंटरनेटवरच्या खेळात गप्पांच्या चौकटीत एखाद्याने ‘सोड’ असे लिहावे आणि ते कोणाला उद्देशून आहे याचा पत्ता नसावा, तशातलाच हा प्रकार.

या अपघातानंतर एडवर्ड टायर यांनी १८७८ मध्ये टॅब्लेट यंत्राची पद्धत आणली. दोन स्थानकांत दोन यंत्रे, विजेच्या तारेने जोडलेली. एका यंत्रातून एक चकती बाहेर निघाली, की ती पुन्हा कुठल्यातरी एका यंत्रात जाईपर्यंत दुसरी निघूच शकत नाही. चकती हातात असल्याखेरीज चालकाने त्या पट्ट्यात शिरायचे नाही. भारतातही एकेरी मार्गांवर नील यांची गोळ्याची यंत्रे वर्षानुवर्षे वापरात होती. वेताच्या कड्याला लावलेल्या पिशवीतला तो लोखंडी गोळा धावत्या इंजिनातल्या माणसाच्या हाती देणारा पॉइंट्समन जुन्या पिढीतील अनेकांनी पाहिलेला असेल. कोकण रेल्वे रंगीत दिव्यांच्या काळात जन्मली. पण खेळासाठी ही जुनी पद्धत अधिक उपयोगी आहे. ‘गोळा ज्याच्याकडे, रस्ता त्याचा’ हे दहा वर्षांच्या मुलालाही एका मिनिटात समजते. बंद पेटीतल्या विजेच्या मंडलांबद्दल असे म्हणता येणार नाही.

अर्थात गोळाही माणसाला पूर्ण वाचवू शकत नाही. वेल्समधील एबरम्यूल येथे २६ जानेवारी १९२१ रोजी चालकाने आणलेलीच चकती त्याला गडबडीत परत देण्यात आली. पुढच्या पट्ट्याची चकती मिळाली, अशा समजुतीने त्याने ती न वाचता घेतली आणि गाडी हाकली. समोरून एक्स्प्रेस येत होती. १७ जणांचा बळी गेला. चकतीवर स्थानकांची नावे कोरलेली होती. ती कोणी वाचली नाहीत, एवढेच. म्हणून खेळातला गोळा म्हणजे पडद्याच्या कोपऱ्यात लुकलुकणारे चिन्ह असून चालणार नाही. त्यावर ‘उक्षी–भोके’ असे नाव असावे आणि चालकाने ते वाचून, तसे सांगितल्याशिवाय गाडीचा ब्रेक सुटू नये.

याच जातीची आणखी एक गोष्ट सुलभीकरणाच्या उत्साहात बहुतेक जण टाकून देतील, पण ती टाकू नये असे वाटते. भारतीय रेल्वेत दोन स्टेशनमास्तर फोनवर महत्त्वाचा संदेश देतात, तेव्हा त्याबरोबर एक दोन आकडी ‘प्रायव्हेट नंबर’ देतात. हे आकडे प्रत्येकाजवळच्या छापील तक्त्यावर ओळीने, पण कोणत्याही क्रमाविना असतात. वापरलेला आकडा खोडायचा. आकडा दिला म्हणजे संदेश जबाबदार माणसाने, जाणीवपूर्वक दिला. नुसते ‘हो, हो, पाठव’ याला लाइन क्लिअर म्हणत नाहीत. खेळात हा आकडा विनासायास आणता येतो, आणि बटण यांत्रिकपणे दाबण्याची सवय तो तोडतो.

खेळाडू गेला, गाडी राहिली

अनेकांच्या खेळातली खरी कसोटी वेगळीच आहे. एखादा चालक बोगद्याच्या मध्यावर असताना त्याचे इंटरनेट बंद पडते. आता त्याच्या गाडीचे काय करायचे? इतरांचा खोळंबा नको म्हणून ती गाडी नकाशावरून पुसून टाकणे आणि पट्टा मोकळा करणे, हा सोपा उपाय. खेळ म्हणून तो समजण्यासारखा आहे. रेल्वे म्हणून त्याच्याइतका चुकीचा उपाय दुसरा नाही.

उत्तर प्रदेशातील फिरोजाबादजवळ २० ऑगस्ट १९९५ च्या पहाटे कालिंदी एक्स्प्रेस एका नीलगायीला धडकून रुळावर उभी राहिली. तिचे ब्रेक सुटेनात. ती पुढे गेली असेल, असे गृहीत धरून मागून पुरुषोत्तम एक्स्प्रेसला त्याच मार्गावर सोडण्यात आले. तीनशेहून अधिक माणसे मेली. गाडी दिसत नाही म्हणजे ती पुढे गेली, हा निष्कर्ष रेल्वेत वर्ज्य आहे. ती पुढे गेल्याचे कोणीतरी पाहिलेले असावे लागते. म्हणूनच शेवटच्या डब्यामागे ओळखीची खूण असते आणि ती डोळ्यांनी पाहिल्याशिवाय जुन्या काळचा स्टेशनमास्तर ‘गाडी पूर्ण आली’ असा निरोप देत नसे. मधेच डबे सुटून मागे राहिले असतील तर? आता बऱ्याच ठिकाणी हे काम रुळांना लावलेली आसगणक यंत्रे करतात. आत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या आसांची संख्या जुळली तरच पट्टा मोकळा मानला जातो.

खेळातही म्हणून नियम असा हवा, की खेळाडू गेला तरी गाडी जागेवरच राहील, गोळा तिच्यापाशी राहील आणि पट्टा बंदच राहील. मग दुसऱ्या कोणी तरी तिची जबाबदारी घ्यावी, किंवा मागच्या स्थानकातून मदतीचे इंजिन सावकाश पाठवावे. याने दहा मिनिटे जातील. पण रत्नागिरीची गाडी भोक्याला तासभर का रखडली, हे कळण्याचा याहून सरळ मार्ग नाही.

यात एक तांत्रिक बाजूही आहे. दोन खेळाडूंनी एकाच क्षणी गोळा मागितला तर तो कोणाला द्यायचा? प्रत्येकाच्या संगणकाने आपापला निर्णय घेतला, तर संदेश पोहोचण्यातल्या अर्ध्या सेकंदाच्या विलंबातही दोघांना गोळा मिळू शकतो. म्हणून गोळ्यांचा हिशेब एकाच मध्यवर्ती सर्व्हरकडे असावा. संगणकशास्त्राला हा प्रश्न जुनाच आहे. एकाच साधनाकडे एकाच वेळी धाव घेणाऱ्या आज्ञावलींना रांगेत उभे करण्यासाठी डच शास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९६० च्या दशकात एक युक्ती मांडली आणि तिला नाव दिले ‘सेमाफोर’, म्हणजे रेल्वेचा हाताचा सिग्नल. संगणकाने रेल्वेकडून घेतलेली उसनवारी या खेळांत रेल्वेकडे परत येते, असे म्हणायला हरकत नाही.

सांधे आणि रंग

सांध्यांच्या बाबतीत सुलभीकरण सोपे आहे, कारण खरी रेल्वेच तिथे माणसाला कमीत कमी मोकळीक देते. स्टेशनमास्तरसमोरच्या पॅनेलवर गाडी कुठून येणार आणि कुठल्या लाइनवर जाणार, एवढे सांगायचे. सांधे त्याप्रमाणे वळतात, कुलूपबंद होतात आणि मगच सिग्नल मिळतो. सिग्नल दिल्यावर सांधा हलवता येत नाही. याला इंटरलॉकिंग म्हणतात. ते बिघडले तर काय होते, हे ओडिशातील बहानगा बाजार येथे २ जून २०२३ रोजी दिसले. मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल असताना कोरोमंडल एक्स्प्रेस लूप लाइनवर वळली आणि तिथे उभ्या मालगाडीवर आदळली. त्या दुर्घटनेत २९० हून अधिक जणांचे प्राण गेले. सिग्नलच्या मंडलात केलेल्या फेरफारातील त्रुटी त्याला कारणीभूत ठरल्या. खेळात सांधा हाताने, कधीही हलवण्याची मुभा ठेवणे काहींना रोमांचक वाटते. पण ती ठेवली की सिग्नलच्या रंगाला काही अर्थच उरत नाही.

रंगांबाबत थोडी काटछाट चालेल. भारतीय पद्धतीत लाल, पिवळा, दोन पिवळे आणि हिरवा असे चार संकेत आहेत, आणि लूप लाइनवर जायचे असेल तर पिवळ्याबरोबर पाच पांढऱ्या दिव्यांची तिरपी ओळ उजळते. नवख्या खेळाडूंसाठी दोन पिवळे वगळून तीन रंग ठेवता येतील. पांढरे दिवे मात्र ठेवावेत, कारण वेग कधी कमी करायचा ते चालकाला त्यावरूनच कळते. आणि डिस्टंट सिग्नल तर हवाच. भरलेली मालगाडी जागच्या जागी थांबत नाही. होम सिग्नलच्या किमान एक किलोमीटर आधी तिला इशारा मिळावा लागतो. काही खेळ गाडीला मोटारीसारखे ब्रेक देऊन या सिग्नलची गरजच संपवतात. मग चालकाचे कौशल्य कशात राहिले?

दोन्ही बाजूंच्या गाड्या एकाच वेळी भोक्याच्या दारात आल्या तर? पुरेशी जादा जागा किंवा चुकार गाडीला बाजूला वळवणारी सोय असल्याशिवाय दोन्ही गाड्या एकदम आत घेता येत नाहीत. आधी एक घ्यायची, ती थांबली की दुसरी. स्थानक समोर दिसत असूनही गाडी होम सिग्नलपाशी का ताटकळते, या प्रवाशांच्या नेहमीच्या तक्रारीचे उत्तर बऱ्याचदा इथे असते. खेळात ‘एका वेळी एकच गाडी आत’ हा सरसकट नियम ठेवणे सर्वांत सोपे.

थांबण्याचा कंटाळा

आता सर्वांत अवघड गोष्ट. मालगाडीचा चालक झालेला खेळाडू मांडवी एक्स्प्रेस निघून जाईपर्यंत लूप लाइनवर वीस मिनिटे काय करणार? ताशी ७५ किलोमीटर वेगाने एकटा करबुडे बोगदा पार करायला पाच मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो. पावसाळी वेळापत्रकात आणखी भर पडते. वैभववाडीजवळ २२ जून २००३ च्या रात्री रुळावर आलेल्या दरडीमुळे झालेल्या अपघातात पन्नासहून अधिक प्रवासी दगावले. दरड सिग्नलला दिसत नाही. म्हणून कोकणात पावसाळ्यात वेग कमी ठेवतात, रुळांवर गस्त घालतात, आणि मुसळधार पावसात समोरचे नीट दिसेनासे झाले की ताशी ४० किलोमीटरची मर्यादा पाळतात. त्या वेगाने हाच बोगदा जवळजवळ दहा मिनिटे घेतो.

घड्याळ भरभर पळवणे हा एकट्याच्या खेळातला उपाय अनेकांच्या खेळात चालत नाही. एकाचे घड्याळ पळाले की सर्वांचे पळते. अंतरे कमी करणे हा दुसरा उपाय. पण बोगदा दोन किलोमीटरचा केला की तो करबुडे राहत नाही. त्यापेक्षा भूमिकांची अदलाबदल करणे बरे. मालगाडी लूपवर उभी राहिली की तिच्या चालकाने भोक्याचा स्टेशनमास्तर व्हावे, समोरची गाडी स्वतः घ्यावी, तिचा शेवटचा डबा पाहून निरोप द्यावा आणि मग आपल्या इंजिनात परतावे. ज्या गाडीसाठी आपण थांबलो, तिलाच वाट करून देण्याचे काम हाती आले की वीस मिनिटे अपुरी पडतात.

अनुभवी खेळाडूसाठी सेक्शन कंट्रोलरची जागा ठेवावी. कोणती गाडी कुठे थांबवायची, कोणाला आधी सोडायचे, हे तो ठरवतो. गणेशोत्सवात शेकडो जादा फेऱ्या या एकेरी मार्गावर बसवताना खऱ्या कंट्रोलरची जी दमछाक होते, तिची थोडी कल्पना त्याला येईल. मात्र त्याच्या हातात गोळा देऊ नये. कंट्रोलर गाडी सोडायला सांगू शकतो, पण लाइन क्लिअर फक्त समोरचा स्टेशनमास्तरच देतो. कंट्रोलर कितीही घाई करत असला तरी भोक्यात बसलेल्या पोराने ‘शेवटचा डबा अजून दिसला नाही’ असे म्हटले, की उक्षीची गाडी जागची हलत नाही.